तीन काडतुसं आणि तहसीलदाराची बंदूक

जिम कॉर्बेटची पुस्तकं वाचली नाहीत असा होस्टेलकर विरळाच. आमच्या विंगमध्ये तर एकच फाटकी मराठी प्रत चार बॅचेसपासून फिरते आहे आणि तिची शेवटची आठ पानं कुठल्या तरी सीनिअरबरोबर कॅम्पसला गेली ती परत आलीच नाहीत. मीही ते पुस्तक फर्स्ट इयरला वाचलं होतं. वाघ किती, माणसं किती मेली, शेवटी गोळी कुठे लागली, एवढंच बघत. या वर्षी ते पुन्हा वाचलं आणि वाघ सोडून काडतुसं मोजत बसलो. त्याला कारण आमचे आबा.

आमचं गाव रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. इतिहासवाल्यांना १४३७ आणि १५९० च्या लढायांमुळे आणि जुन्या मशिदीमुळे नाव माहीत असेल, बाकीच्यांना नसेल. घाटाच्या पायथ्याशी गाव, वर डोंगर, पलीकडे ज्ञानगंगा अभयारण्य. कपाशी, मका, सोयाबीन. आणि रात्री रानडुकरं आणि रोही. मक्याला कणीस धरलं की आमच्याकडे जागल सुरू होते, म्हणजे शेतात मचाण बांधून रात्रभर डबे वाजवत बसायचं. आबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर पणजोबांच्या वेळची एक रायफल आहे. ग्रीनर कंपनीची, मार्टिनी बनावटीची, .३१० बोअर. एका वेळी एकच गोळी बसते. दस्ता पितळी पट्टीने सांधलेला. आणि तिची काडतुसं किती, तर चार. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळलेली.

दिवाळीच्या सुट्टीत आबांनी तो डबा माझ्यापुढे ठेवला. म्हणणं साधं होतं. नातू मेकॅनिकलला आहे, कॉलेजात लेथ आहेत, तर पितळेच्या अशा वीस-पंचवीस पुंगळ्या वळून आण. दारू आणि शिसं कसं भरायचं ते आपण बघू. दुकानं त्यांनी आधीच पालथी घातली होती. बुलढाणा, अकोला, एकदा खास नागपूर. सगळीकडे एकच उत्तर, .३१५ पाहिजे तेवढी घ्या, .३१० विसरा.

आता ही गंमत समजून घ्या, कारण मीही आधी फसलो होतो. .३१० आणि .३१५ यांत फरक इंचाच्या पाच हजारांश भागाचा. मला वाटलं, एवढा तर आपल्या जॉबवर टॉलरन्समध्येच जातो! होस्टेलवरून नेलेल्या व्हर्नियरने पुंगळी मोजली तेव्हा डोळे उघडले. आबांच्या काडतुसाची पुंगळी तीन सेंटिमीटरसुद्धा लांब नाही. .३१५ ची पुंगळी पाच सेंटिमीटर, कारण ते मुळात ऑस्ट्रियाचं जुनं मानलिखर लष्करी काडतूस आहे. ते आबांच्या रायफलीत शिरणारच नाही, आणि ओढूनताणून चेंबर मोठं केलं तर त्याचा दाब ती जुनी नळी सोसणार नाही. बोअरचा आकडा हे नुसतं नाव असतं. घरापासून दोन-एक तासांवर वरणगावला लष्करासाठी काडतुसं तयार होतात, पुण्याला खडकीचा कारखाना तर १८६९ पासूनचा. सगळं असून आमच्या डब्यात चारच.

सुट्टी संपल्यावर वर्कशॉपमध्ये सरांना हळूच विचारलं. सरांनी मशीन बंद केलं, मला बाजूला घेतलं आणि शस्त्र कायदा १९५९ मध्ये विनापरवाना दारूगोळा बनवण्याला किती वर्षांची शिक्षा आहे ते आधी शोधून ये म्हणाले. मग मटेरियल सायन्सचा तास घेतला तो वेगळाच. आबांना काय सांगायचं, हा प्रश्न मात्र राहिलाच. त्या आठवड्यात रात्री झोप येईना म्हणून कॉर्बेट उघडला.

जेम्स एडवर्ड कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनीतालचा. वडील तिथे पोस्टमास्तर. ते १८८१ मध्ये वारले तेव्हा जिम सहा वर्षांचासुद्धा पुरता नव्हता. घरात माणसं भरपूर, पैसा बेताचा. साहेबाचा मुलगा म्हणजे सोन्याचा चमचा, हे आपल्या डोक्यातलं चित्र इथे लागू पडत नाही. उन्हाळा नैनीतालला आणि हिवाळा खाली तराईत कालाढुंगीला, असं या कुटुंबाचं चालायचं. जंगल घराच्या कुंपणापासून सुरू होत होतं. आधी गलोल, मग गोफणीसारखं गोटे मारायचं धनुष्य, आणि मग एका नात्यातल्या माणसाने दिलेली ठासणीची दुनळी बंदूक. हा माणूस कुमाऊंतल्या पक्ष्यांवर पुस्तक लिहीत होता, त्याला नमुने हवे होते. पोराने पक्षी आणून द्यायचे, बदल्यात बंदूक.

या बंदुकीची उजवी नळी फाटलेली होती. दस्ता आणि नळ्या पितळी तारेने बांधून एकत्र धरलेल्या. म्हणजे दुनळी नावाची, चालायची एकनळीच. ते वाचताना आमच्या दस्त्यावरची पितळी पट्टी आठवून मला हसू आलं. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बाराला दारू मोजून ओता, गच्च ठासा, छर्रे टाका, पुन्हा ठासा, टोपी लावा, एवढा कार्यक्रम असतो. एक बार चुकला तर दुसरा भरेपर्यंत जनावर पुढच्या तालुक्यात. दारू आणि छरेही विकत आणायचे. अशा पोराला आधी जवळ जायला शिकावं लागतं, मग बार उडवायला. कॉर्बेट पुढे पायांचे ठसे, माकडांचे आणि सांबरांचे इशारे वाचण्यासाठी नावाजला, त्याची पहिली शाळा ही फाटकी नळी होती असं माझं मत आहे.

त्यानंतर आली .४५० मार्टिनी. शाळेत कॅडेटांची पलटण होती, आपल्या एनसीसीसारखी. दहा वर्षांच्या या पोराला तिथल्या सार्जंट मेजरने लष्करी रायफल वापरायला दिली. काडतुसं हवी तेवढी ने, फक्त रायफल स्वच्छ ठेव आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत आण, अशी अट. आपल्यातले जे एनसीसीच्या फायरिंगला गेलेत त्यांना ही अट ओळखीची वाटेल. एक पुंगळी गवतात हरवली की सगळी तुकडी गुडघ्यांवर. ही रायफल खांद्याला खेचरासारखी लाथ मारायची. तिच्यावरच त्याने पहिला बिबट्या मारला. काडतुसं हवी तेवढी मिळत होती, तरी प्रत्येकाचा हिशेब द्यायचा होता.

शाळा संपल्यावर कॉर्बेट इंजिनिअर व्हायला निघाला नाही, घरची स्थिती तशी नव्हती. विशीच्या आत रेल्वेत लागला, इंजिनांसाठी जळाऊ लाकूड तोडून घेण्याच्या कामावर. मग बिहारात मोकामेह घाटला वीसेक वर्षं काढली. गंगेच्या काठी ब्रॉडगेजचा माल उतरवून मीटरगेजवर चढवायचा, हा ठेका. अकोला-खंडवा मीटरगेज ज्यांनी पाहिली आहे त्यांना गेज बदलण्याचा त्रास सांगायला नको. शिकार हा त्याचा धंदा कधीच नव्हता, रजेतला उद्योग होता. हे लोक विसरतात.

आता चंपावत. १९०७ साल. या वाघिणीच्या नावावर नेपाळात आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसं नोंदलेली होती. नैनीतालच्या डेप्युटी कमिशनरने गळ घातली तेव्हा कॉर्बेटने दोन अटी टाकल्या, लावलेलं बक्षीस काढून घ्या आणि बाकीचे शिकारी परत बोलवा. पैशासाठी आलेला समजू नये आणि मागून कोणाची गोळी लागू नये, एवढाच हेतू. त्याच्याकडे रायफल होती .५०० ची, मॉडिफाइड कॉर्डाइटवाली.

हे मॉडिफाइड प्रकरण काय? जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक. धूर फार आणि दाब बेताचा. १८८९ मध्ये इंग्लंडात कॉर्डाइट आलं, त्यात नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन. धूर नाही, ताकद जास्त, दाबही जास्त. आता काळ्या दारूसाठी घडवलेल्या शेकडो रायफली लोकांच्या घरात पडून, त्यांचं काय करायचं? त्यांच्या नळीला सोसेल एवढंच कॉर्डाइट भरून खास काडतुसं काढली. आकार तोच, नाव तेच, भरणी वेगळी. चुकून पूर्ण ताकदीचं काडतूस जुन्या रायफलीत गेलं तर काय होईल हे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये ज्यांच्या केट्या लागल्यात तेसुद्धा सांगू शकतील. उन्हाळ्यात कॉर्डाइटचा दाब आणखी चढतो, पुंगळी चेंबरला चिकटून बसते, म्हणून उष्ण देशांसाठी भरणी थोडी कमी ठेवायचे. वर्कशॉपमध्ये सरांनी मला सुनावलं ते थोड्याफार फरकाने हेच होतं.

तर चंपावतला शेवटच्या दिवशी हाका उठवला. तहसीलदाराने आसपासच्या गावांतून माणसं गोळा केली. ढोल, पत्रे, जुन्यापान्या बंदुका, सगळं आलं. कॉर्बेट खाली घळीजवळ बसला आणि बरोबर नेली होती तीन काडतुसं. तीनच! त्याचा हिशेब असा की वाघावर दोनच गोळ्या झाडायला वेळ मिळतो, तिसरी अडचणीसाठी. हिशेब चुकला. तिन्ही संपल्या, वाघीण जखमी होऊन समोर दबा धरून बसलेली आणि हातातली रायफल रिकामी. ती अंगावर आली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. ती वळली आणि ओढा ओलांडून एका कड्यावर जाऊन बसली. कॉर्बेट टेकडीवर तहसीलदाराकडे धावला आणि त्याची बंदूक हिसकावून घेऊन परत आला.

ती बंदूक पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यात फट आहे. नीट बंद होतच नव्हती. बार उडाला तर बंदूक फुटेलच असं नाही, पण मागे येणाऱ्या ज्वाळेने डोळे जाण्याची भीती. इलाज नव्हता. त्याने वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. गोळी जबड्यात गेलीच नाही, पंजाला लागली. वाघीण पडली ती आधीच्या गोळ्यांनी, ती मरायलाच टेकली होती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा प्रसंग मला शौर्याचा वाटला होता. आता वाटतं, हा माणूस स्वतःच्या हिशेबाच्या चुकीतून वाचला, आणि मोठेपणा असा की पुढे लिहिताना त्याने ती चूक लपवली नाही. किती काडतुसं नेली होती, का नेली होती, सगळं मांडून ठेवलं. रिपोर्टमध्ये रीडिंग्ज मॅनेज करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते पान जरूर वाचावं.

चंपावतबद्दल प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. हलकी, बोल्टची. या रायफलीचं नशीब आबांच्या रायफलीच्या नेमकं उलटं. .२७५ रिग्बी हे इंग्रजी नाव, आतलं काडतूस जर्मन माउझरचं ७ बाय ५७, जे १८९० च्या दशकापासून जगभरच्या सैन्यांनी वापरलं. त्यामुळे ते कधी दुर्मीळ झालं नाही. याच रायफलीने २ मे १९२६ च्या रात्री गुलाबराईच्या आंब्याच्या झाडावरून त्याने रुद्रप्रयागचा बिबट्या मारला. बिबट्याच्या नावावर १२५ बळी. त्याच्यासाठी कॉर्बेटने आधीच्या वर्षी दहा आठवडे घालवले होते आणि काम झालं एका गोळीत. एप्रिल १९३० मध्ये चौगडची वाघीण समोर बसलेली दिसली तेव्हा याच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती, हौसेने गोळा केलेली. उजव्या हाताने तीच रायफल सावकाश फिरवून त्याने एकहाती चाप ओढला.

मोठ्या जनावरासाठी त्याच्याकडे जेफ्री कंपनीची दुनळी होती, .४५०/४०० ची. हा अपूर्णांकासारखा आकडा कुठून आला? लहानपणी त्याला मिळालेल्या मार्टिनी-हेन्रीचं काडतूस .४५० चं. अशा रायफली चोरीला गेल्या किंवा बंडखोरांच्या हाती पडल्या तर त्यांना शिकारीच्या दुकानातून .४५० चा दारूगोळा मिळेल, या धास्तीने सरकारने १९०५ च्या सुमारास हिंदुस्थानात शिकारीच्या .४५० बोअरवर बंदी घातली. मग इंग्लंडातल्या बंदूकवाल्यांची धावपळ उडाली. होलंडने .४६५ काढली, लँगने .४७०, कोणी .४७५, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. प्रत्येकाचं वेगळं काडतूस, वेगळा साचा. .४५० ची पुंगळी तोंडाशी आवळून .४०० केलेली मात्र नियमात बसत होती. जुन्या रायफलींची जी विचित्र, कुठेच न मिळणारी मापं दिसतात त्यांतल्या कितीएकांचं मूळ असं आपल्याच देशातल्या एका सरकारी हुकमात आहे. राजेमहाराजे होते तोवर ही काडतुसं बर्मिंगहॅमच्या कायनॉक कारखान्यातून बोटीने यायची. १९६० च्या दशकात कायनॉकने हा माल बंद केला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर इकडे शिकारीलाही वाव उरला नाही. रायफली राहिल्या. हल्ली परदेशात .४५०/४०० चं उत्पादन पुन्हा सुरू झालं आहे, पण आपल्याकडे आयातीची वाट फार अरुंद.

या दुनळीने कॉर्बेटने ठाकची वाघीण मारली, ३० नोव्हेंबर १९३८ ला. वय ६३. सूर्य बुडताना त्याने वाघासारखी साद घालून तिला जवळ बोलावलं. दोन्ही नळ्या झाडल्या आणि अरुंद खडकावरून तोल जाऊन खाली बसलेल्या आपल्याच माणसांवर पडला. नरभक्षकाच्या मागे तो त्यानंतर गेला नाही.

तोवर त्याच्या हातात बऱ्याच वर्षांपासून सिने-कॅमेरा आला होता. कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बुजायचे, म्हणून त्याने जंगलातल्या एका ओढ्याला छोटे बांध घातले. पाणी पडण्याच्या आवाजात कॅमेऱ्याचा आवाज बुडवला आणि महिनोन् महिने बसून वाघांची फिल्म घेतली. साउंड मास्किंगवर सेमिनार देणाऱ्यांनी हे उदाहरण घ्यायला हरकत नाही. १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क झालं त्यामागेही त्याची खटपट होती. १९५७ मध्ये त्याच पार्कला त्याचं नाव दिलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात तो सैनिकांना जंगलात राहायला शिकवायला छिंदवाड्याला येऊन राहिला होता. तेव्हा छिंदवाडा आणि बुलढाणा एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, म्हणजे एका परीने आमच्या प्रांतात येऊन गेला म्हणायचा. आबांना हे फार आवडलं.

१९४७ च्या अखेरीस कॉर्बेट आणि त्याची बहीण मॅगी देश सोडून केनियाला गेले. का गेले यावर चर्चा होत असतात. मला वाटतं, स्वतंत्र भारतात आपलं काय होईल ही साधी भीती होती आणि ती चुकीची ठरली असती. १९ एप्रिल १९५५ ला न्येरीला तो वारला. जाण्याआधी त्याने काही जुनी हत्यारं जंगलात पुरून टाकली असं त्याच्या चरित्रात सांगतात. त्याने वसवलेल्या छोटी हल्द्वानी गावात मात्र एक जुनी एकनळी बंदूक शेताच्या राखणीसाठी मागे ठेवली, ती त्या गावात जपून ठेवलेली आहे. रिग्बी रायफल त्याच्या प्रकाशकांकडे गेली, पुढे रिग्बी कंपनीने ती परत मिळवली, आणि २०१६ मध्ये छोटी हल्द्वानीच्या लोकांना दाखवायला ती भारतात आणली होती. पुरलेल्यांचा मात्र पत्ता नाही.

हे सगळं मी होळीला घरी गेल्यावर आबांना सांगितलं. जागलीच्या मचाणावर, कारण घरात टीव्ही चालू होता. लेथचं काही जमणार नाही, हे आधीच सांगून टाकलं होतं. नुसत्या कायद्यासाठी नाही. नळी शंभरीला आलेली, पितळ कुठलं वापरायचं माहीत नाही, दारूचा दाब मोजायला साधन नाही, आणि पहिला बार उडवणार ते आबाच, माझा हट्ट त्यांनी चालू दिला नसता. तहसीलदाराच्या बंदुकीच्या फटीचं वर्णन त्यांनी दोनदा करायला लावलं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग रायफलीचा खटका खाली ओढून मला आत बघायला सांगितलं. टॉर्च मारला. चेंबर रिकामं. खिशात बघितलं, तिथेही काडतूस नाही. गेली चौदा वर्षं ते जागलीला रायफल रिकामीच आणतात, डबा घरी कपाटात असतो. डुकरांना पत्र्याचा डबा पुरतो, म्हणाले, आणि २०१९ मध्ये टिपेश्वरहून तेराशे किलोमीटर चालत ज्ञानगंगेत वाघ आला तेव्हापासून तर रात्री बार काढायची त्यांना हिंमतच होत नाही, अंधारात कोण असेल काय सांगावं. मग मला वीस-पंचवीस पुंगळ्या कशाला वळायला सांगत होते? तर परवान्याचं नूतनीकरण आलं की दरवेळी शिल्लक काडतुसं विचारतात, आणि चार हा आकडा सांगायची त्यांना लाज वाटते.

नूतनीकरण पुढच्या मार्चमध्ये आहे. फॉर्म मीच भरणार आहे. काडतुसांच्या रकान्यात चारच लिहायचं ठरलं आहे. मी मोजली, चारही जागेवर आहेत, एकीला जरा हिरवट चढलं आहे.